ट्रंपेटवाले मेद्रानो सर

ज्यांच्यामुळे माझ्या नावापुढे पदवी लागली त्यांचं नाव ओनेलिओ मेद्रानो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि अमेरिकेत येऊन एम. एस. केलेला तर अख्ख्या गल्लीत पहिला. त्यामुळे गावी, परांड्याला गेलो की माझ्या शिक्षणाचं श्रेय वाटून घ्यायला बरीच मंडळी असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचा हक्क खराच आहे. पण सगळ्यात मोठा वाटा ज्यांचा, त्यांनी परांडा कधी पाहिलेलं नाही. मी नेमकं काय शिकलो तेही त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. ते सान होजेच्या आमच्या विद्यापीठात संगीत विभागात अर्धवेळ शिकवायचे. मूळचे क्यूबाचे, तिथल्या काळ्या वस्तीतले. साल्सा आणि जॅझ वाजवणारे ट्रंपेटवादक. आई अजून फोनवर विचारते, "तुझे ते ट्रंपेटवाले सर कसे आहेत?" लग्नाच्या बँडमुळे ट्रंपेट तिला ओळखीचं आहे. मेद्रानो हे नाव मात्र तिच्या जिभेवर बसत नाही.

पहिल्या सेमिस्टरला मी परत जायच्या विचारात होतो. वर्गात शिकवलेलं कळायचं, पण तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं. आमच्या शाळेत न बोलणारा मुलगा हुशार समजला जायचा; इथे तो ढ समजला जात होता. माझ्या गाइडनी तर एकदा सरळ विचारलं होतं, तुला या विषयात रस आहे ना, मग तू इथे आहेस हे मला कळू दे. लायब्ररीतून खोलीवर जायचा जवळचा रस्ता संगीत विभागाच्या इमारतीतून होता. तिथल्या एका दारापाशी संध्याकाळी मी रेंगाळायचो, कारण आतून बँडच्या तालमीचा आवाज यायचा आणि तेवढा वेळ डोक्यातलं चक्र थांबायचं.

एके दिवशी ते दार आतून धाडकन उघडलं. बाहेर आलेले गृहस्थ उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचे, आणि घाईत दिसत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आत ये नाही तर घरी जा," ते म्हणाले. "दारात मी उभा राहतो. ती माझी जागा आहे."

खरंच ती त्यांची जागा होती. बँड सुरू करून द्यायचा आणि स्वतः बाहेर येऊन कॉरिडॉरमधून ऐकायचं ही त्यांची पद्धत. आत राहिलं की आपलीच माणसं गोड ऐकू येतात असं ते म्हणायचे. मला काय वाजवतोस म्हणून विचारलं. मी म्हणालो, शाळेच्या पथकात बिगुल वाजवायचो, पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि कलेक्टरसाहेब आले तर. बिगुलला ट्रंपेटसारखे बोटांनी दाबायचे खटके नसतात, सगळे सूर ओठांनीच काढावे लागतात, हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की माझ्या दंडाला धरून त्यांनी मला आत नेलं, कपाटातलं एक जुनं ट्रंपेट हातात दिलं आणि तिसऱ्या खुर्चीवर बसवलं.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणालो. बाकीची पोरं 'ओनेलिओ' म्हणायची. एकदा मी तसं म्हणून पाहिलं, तर मलाच घसा खाकरावा लागला. ते म्हणाले, राहू दे, सर तर सर, लष्करातसुद्धा मला कुणी सर म्हटलं नाही.

बँडमध्ये लपायला भरपूर जागा असते. शेजारी दोघं जोरात वाजवत असली की तिसऱ्यानं नुसती बोटं हलवली तरी चालतं. मी काही आठवडे तेच करत होतो. एका तालमीत सरांनी सगळ्यांना थांबवलं, माझ्यापाशी आले आणि माझ्या ट्रंपेटच्या तोंडापुढे तळहात धरला. म्हणाले, आता वाजव. मी वाजवलं. सूर चुकला आणि बराच मोठ्यानं चुकला. पोरं हसली.

"अस्सं," सर म्हणाले. "चूक करायची तर अशीच करायची. हळू केलेली चूक मला सापडत नाही रे. सापडली नाही तर ती काढू कुठून?"

हे वाक्य त्यांनी मला ट्रंपेटबद्दल सांगितलं होतं. मी ते घेऊन लॅबमध्ये गेलो. पुढच्या प्रेझेंटेशनला मी जे म्हणालो त्यातलं निम्मं चुकीचं होतं. पण मोठ्यानं म्हणालो. गाइडनी तासभर बसून ते निम्मं दुरुस्त करून दिलं. त्यानंतर परत जायचा विषय मी काढला नाही. माझी गोष्ट एवढीच. बाकीची सगळी सरांची.

सर एका जागी बसलेले मी क्वचित पाहिले. त्यांच्या घरात सोफा नव्हता. जेवायचे तेही ओट्याला टेकून, ताटली हातात धरून. एक पाय सतत हलत असायचा, आणि तो थांबला की बँडमधले सगळे सावध व्हायचे, कारण काहीतरी बिघडलेलं असायचं. गाडी चालवताना डाव्या हातात स्टिअरिंग आणि उजव्या हातात ट्रंपेटचं नुसतं माउथपीस. फ्रीवेवर ट्रॅफिक तुंबली की ते ओठाला लावून भुंग्यासारखा आवाज काढत बसायचे. शेजारच्या गाडीतले लोक बघायचे, हे मान डोलावून त्यांना नमस्कार करायचे आणि पुन्हा सुरू. रोज सकाळी उठल्यावर, कॉफीच्याही आधी, ते लांब लांब सूर धरायचे. एकच सूर, श्वास संपेपर्यंत, मग पुढचा. गाणं नाही, चाल नाही. मी एकदा विचारलं, एवढी वर्षं वाजवल्यावर याची गरज काय. ते म्हणाले, रोज सकाळी ओठ मला विचारतो की तू कोण, आणि मला त्याला नव्यानं सांगावं लागतं.

आणि त्यांचा तो कायमचा प्रश्न: "क्लावे कुठे आहे?"

क्लावे म्हणजे त्यांच्या संगीताचा कणा. दोन जाड लाकडी दांडकी एकमेकांवर आपटून पाच ठोक्यांचा साचा वाजवतात. एका बाजूला तीन ठोके, दुसऱ्या बाजूला दोन. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत तो पलटत नाही. दांडकी कुणी वाजवत नसलं तरी प्रत्येकाच्या अंगात तो चालू असावा लागतो, आणि गाणारा, वाजवणारा, नाचणारा सगळे त्यावर पाय ठेवून चालतात. त्याच्या उलट्या बाजूला पाऊल पडणं याहून मोठा अपराध सरांच्या लेखी नव्हता. विभागाच्या मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की ते हळूच म्हणायचे, क्लावे कुठे आहे. सिग्नलला कुणी विनाकारण हॉर्न वाजवला तरी तेच.

त्यांचं आयुष्य त्यांनी मला सलग कधी सांगितलं नाही. गाडीत, दोन सिग्नलच्या मध्ये, तुकड्यातुकड्यानं कळलं. क्यूबातल्या सांतियागोजवळच्या एका गावात आई लोकांचे कपडे धुवायची आणि धुताना गायची. गावाच्या बँडमध्ये ट्रंपेट शिकले. तरुणपणी एका ऑर्केस्ट्राबरोबर मेक्सिकोला गेले आणि परतीच्या विमानात बसले नाहीत. त्यानंतर आईची भेट नाही. मग मायामी, मग न्यूयॉर्क, मधे जहाजांवरच्या नोकऱ्या, शिकागो, आणि शेवटी इकडे, पश्चिमेला. जॅझवाले म्हणायचे, हा माणूस लोकांना नाचायला लावतो. साल्सावाले म्हणायचे, हा विचार करायला लावतो. दोघांनाही ते परवडत नव्हतं, म्हणून सर एका बँडमधून दुसऱ्यात जात राहिले. कितीतरी नावाजलेल्या रेकॉर्डवर त्यांचं वादन आहे. वरचं नाव नेहमी दुसऱ्याचं.

न्यूयॉर्क का सोडलं ते मात्र त्यांनी रंगवून सांगितलं होतं. एका मोठ्या साल्सा ऑर्केस्ट्रात ते पहिले ट्रंपेटवादक होते. टीव्हीवर कार्यक्रम होता. वेळ बसेना म्हणून बँडच्या मालकानं आयत्या वेळी गाण्यातलं एक माप, म्हणजे क्लावेची एकच बाजू मावेल एवढा तुकडा, कापलं. ऐकणाऱ्याला कळणारही नाही इतकं लहान; पण तेवढ्यानं पुढचं सगळं गाणं क्लावेच्या उलट्या बाजूला गेलं. "एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून नाचल्यासारखं," सर म्हणाले. कॅमेरा चालू असताना त्यांनी ट्रंपेट पेटीत ठेवलं, पेटी बंद केली आणि स्टेजवरून उतरून चालू लागले.

"मालक दबक्या आवाजात ओरडला, कुठे चाललास? मी म्हटलं, ते एक माप शोधायला."

हे सांगून ते खूप हसले. त्या शहरात त्यांना पुन्हा तसं काम मिळालं नाही.

माझं शिक्षण संपलं, सांता क्लारात नोकरी लागली, मी फ्रीमाँटला राहायला गेलो. तरी रविवारी सरांचा एक गावातला बँड होता, त्यात मी तिसरं ट्रंपेट वाजवत राहिलो. मुख्य ट्रंपेटवादक होती किआना, ओकलंडची मुलगी, सरांचीच विद्यार्थिनी. ती आत आली की सर तिला म्हणायचे, आज माझी खुर्ची घेतेस की उद्या? ती म्हणायची, तुम्ही बसता कुठे खुर्चीवर?

सत्तरी उलटल्यावर सरांच्या वाट्याला एक गोष्ट आली. ओकलंडमध्ये एक चांगलं सभागृह, पूर्ण बँड आणि पोस्टरवर एकच नाव, त्यांचं. आईच्या गल्लीवर त्यांनी कितीतरी वर्षं लिहीत ठेवलेली रचना पहिल्यांदा वाजणार होती, आणि तिच्या मधोमध ट्रंपेटचा लांब एकल भाग होता. तो त्यांनी स्वतःसाठी लिहिला होता. कार्यक्रम हिवाळ्यात होता. त्याआधी आला आमचा गणपती.

आमच्या मराठी मंडळाची मिरवणूक फ्रीमाँटच्या एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये निघते. ढोल-ताशाचं पथक आहे. मुलं-मुली आठवडाभर कोड लिहितात आणि शनिवारी ढोल बांधतात. सरांना मी नुसतं बघायला बोलावलं होतं, तर ते तालमीपासूनच येऊन उभे राहिले. ताशा ऐकत पार्किंग लॉटमध्ये येरझाऱ्या घालायचे आणि मधेच टाळी द्यायचे. ताशा वाजवणाऱ्या मृणालला त्यांनी विचारलंच, क्लावे कुठे आहे. ती म्हणाली, "अंकल, आमच्याकडे असं काही नसतं, आम्ही जस्ट समेवर भेटतो." शेवटी त्यांनी निकाल दिला की तुमच्या घराला एकच मोठं दार आहे आणि सगळे तिथूनच आत येतात, आमच्या घराला पुढचं दार आहे आणि मागचंही. मिरवणुकीच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून आले. मूर्तीपाशी जाताना कुणी न सांगता बूट काढले. म्हणाले, आमच्याकडेही देव ढोलाशिवाय येत नाही.

आता देशमुख काकांबद्दल सांगायला हवं. चिपच्या कंपनीतून निवृत्त झालेले, मंडळाचे जुने कार्यकर्ते, आणि सत्काराचे अतोनात हौशी. त्यांच्या गाडीच्या डिकीत शाल आणि नारळ कायम असतो. कोण कधी भेटेल सांगता येत नाही, असं ते म्हणतात. सत्कार हा अचानकच झाला पाहिजे, आधी कळला तर माणूस अवघडतो, हे त्यांचं दुसरं तत्त्व. त्या दिवशी सरांनी पथकाच्या मधोमध उभं राहून वाजवायला सुरुवात केली आणि काय वाजवलं म्हणून सांगू. ढोलांच्या गजरावर तो एक सूर चढत चालला होता, सरांचे डोळे मिटलेले होते, पोरं फोन वर धरून नाचायची थांबली होती. काकांना गहिवरून आलं. ते झेंडूचा भला जाड हार घेऊन बाजूनं पुढे झाले आणि वाजवत्या माणसाच्या गळ्यात त्यांनी तो घातला.

हार गळ्यात पडला तसा ट्रंपेटवरही पडला. तो नीट बसावा म्हणून काकांनी प्रेमानं मागे ओढला. ट्रंपेट हिसका बसून सरांच्या तोंडावर आपटलं. सूर मधेच तुटला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, सत्कारासाठीच थांबले. सर हसले, त्यांनी हात जोडले, शाल घेतली, नारळ घेतला. फोटोही झाला. फोटोत त्यांचे ओठ मिटलेले आहेत. मी जवळ होतो, मला दिसत होतं की ते जिभेनं पुढचा दात चाचपत आहेत.

देशमुख काकू दातांच्या डॉक्टर. सांता क्लारात त्यांचं क्लिनिक आहे, आता आठवड्यातून दोन-तीन दिवसच बसतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही त्यांनी ते उघडलं. काका कोपऱ्यात उभे होते. रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"लग्न झाल्यापासून सांगतेय, सुधीर," काकू एक्स-रे लावता लावता म्हणाल्या, "आधी माणसाला विचार, मग हार घाल. माझ्या आईला हार घातलास तेव्हा तिचा चष्मा फोडलास."

मग त्या सरांकडे वळल्या आणि इंग्रजीत सावकाश समजावून सांगू लागल्या. दाताचं मूळ चिरलं आहे. तारेनं बांधून दिलं तर कार्यक्रमापर्यंत कसंबसं निभेल, पण रोज त्यावर वाजवलं तर आजूबाजूचं हाड झिजेल. हाड गेलं की नवा दात पक्का बसणार नाही, आणि मग वाजवणं कायमचं गेलं. किंवा दात आता काढायचा, हाड भरू द्यायचं, नवा बसवायचा. त्यात बरेच महिने जातील. तेवढे महिने ट्रंपेट ओठाला लावायचं नाही, आणि या वयात ओठ तेवढा थांबला तर पुन्हा जागा होईल का, हे त्या सांगू शकत नव्हत्या.

खुर्चीत सरांना मागे रेललेलं पाहवत नव्हतं. त्यांचा पाय हलत नव्हता.

काका म्हणाले, "नीला, तार बांध ना. प्रोग्रॅम होऊ दे. आयुष्यात एकदाच नाव लागलंय त्यांचं." मलाही आतून तेच वाटत होतं. मी ते सरांना इंग्रजीत सांगितलं.

सरांनी काकूंना विचारलं, "डॉक्टर, तुम्ही काय कराल?"

"मी दात वाचवायला शिकले," काकू म्हणाल्या. "तुमचं वाजवणं म्हणजे काय, ते मला माहीत नाही. ते तुम्ही सांगा."

सर उठून बसले. तोंडातला कापूस काढला.

"त्या एका रात्री मी नसलो तरी चालेल," ते म्हणाले. "बँड आहे, किआना आहे. पण त्यानंतर रोज सकाळी मी नसलो, तर ते मला जमणार नाही. काढा दात."

काका क्लिनिकच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढच्या तालमीला सरांनी एकल भागाचे कागद किआनाच्या स्टँडवर ठेवले. तिनं ते न बघता परत केले. त्यांनी पुन्हा ठेवले. ती म्हणाली, हे तुमच्या आईसाठी आहे, माझ्या नाही. सर म्हणाले, कोण वाजवतंय ते आई बघत बसायची नाही, तिला फक्त धुणं संपेपर्यंत कुणीतरी वाजवायला हवं असायचं. किआनानं कागद ठेवून घेतले.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाबाहेर मोठं पोस्टर होतं. सर, हातात ट्रंपेट. आत सर होते, हातात दोन लाकडी दांडकी. ओळखीचे जुने वादक दुरून आले होते, काही नाचणाऱ्या म्हाताऱ्या जोड्या होत्या, मंडळाची एक रांग होती. बँड चालवताना ते पूर्वीसारखेच सगळीकडे होते. ड्रमपाशी, पियानोपाशी, आमच्या डोक्यावर. किआना उभी राहिली तेव्हा मात्र ते स्टेजच्या कडेला गेले आणि आमच्याकडे पाठ करून थांबले. मी तिसऱ्या खुर्चीवर असल्यामुळे मला त्यांचा उजवा हात दिसत होता. तो पँटच्या शिवणीवर होता आणि तीन बोटं खटके दाबल्यासारखी हलत होती, किआनाच्या अगदी बरोबरीनं. एका ठिकाणी ती वेगळीकडे वळली, लिहिलेलं सोडून स्वतःचं काही वाजवू लागली. बोटं थांबली. मग ती परत आली तशी पुन्हा चालू झाली.

टाळ्या संपल्यावर त्यांनी तिला पुढे ढकललं आणि स्वतः मागच्या दारानं निघून गेले. मी बाहेर गेलो तर ते पार्किंगमध्ये चालत होते. मला म्हणाले, ती जिथे वळली तिथे मी कधीच वळलो नसतो, चांगली वळली.

नंतरचे महिने त्यांनी कसे काढले ते काढणाऱ्यालाच माहीत. दात नाही, ट्रंपेट नाही. सकाळी उठायचे आणि ते लांब सूर धरायच्या वेळी काय करावं ते कळत नसे, म्हणून गाडी काढायचे. एकदा नुसते कॉफी प्यायला म्हणून तासाहून लांबच्या मॉंटेरेपर्यंत जाऊन आले. देशमुख काका त्यांना दर खेपेला क्लिनिकमध्ये न्यायला येत, आणि त्यातून दोघांची मैत्री जमली. दोघांनाही स्वस्थ बसायला कधी शिकवलेलं नव्हतं. सर काकांच्या गॅरेजमध्ये त्यांना क्लावे शिकवू लागले. काकांचा तिसरा ठोका नेहमी आधी पडायचा. "ही इज ॲन इंजिनिअर," सर म्हणायचे, "काम वेळेआधी संपवतो." काकू वैतागल्या होत्या. मला म्हणाल्या, "बालाजी, हा आता कुकरच्या शिट्ट्यापण तीन आणि दोन मोजतो. भात करपला काल."

हसणं होतं ते एवढंच. बाकी सर आटत चालले होते. क्लावे कुठे आहे हे विचारायचंही त्यांनी सोडलं.

नवा दात बसला. जुन्यापेक्षा सुबक होता, आणि तोच त्रास होता. ओठाला जुन्या दाताचा वाकडेपणा पाठ होता. मी फोन केला की म्हणायचे, करतोय, सकाळी करतोय. तालमीला आले नाहीत. विद्यापीठातले वर्ग घेतले नाहीत. किआना एकदा घरी गेली तेव्हा आतून काहीतरी ऐकू येत होतं, बेल वाजवल्यावर थांबलं. दार उघडलं तेव्हा ट्रंपेट कुठे दिसलं नाही. ज्यांनी आम्हाला एक सूरही दडवू दिला नाही त्यांनी आता दारं लावून घेतली होती, आणि त्यांना विचारायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती.

मग एक दिवस कळलं, ते टँपाला चाललेत, धाकट्या बहिणीकडे, मिर्ताताईंकडे. गाडीनं. एवढ्या लांब, एकटे, पूर्ण देश ओलांडून. काकांनी विमानाचं तिकीट काढून देतो म्हणून गळ घातली. सर म्हणाले, विमानात बसून राहावं लागतं.

मी निरोप द्यायला गेलो तेव्हा सामान भरून झालं होतं. मागच्या सीटवर पुस्तकं, कपडे, काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा. ट्रंपेटची पेटी पुढच्या सीटवर होती, सीटबेल्ट लावलेली. माझी नजर गेलेली पाहून ते म्हणाले, नाही लावला तर गाडी ओरडत बसते. मी धीर करून म्हणालो, सर, जाण्याआधी एक सूर ऐकवा.

त्यांनी मान हलवली. "अजून तो माझा नाही," म्हणाले. "कुणाचा तरी आहे, पण माझा नाही." मग माझ्या गालावर हलकेच थोपटलं, गाडीत बसले आणि माझ्याकडे न पाहता गाडी सुरू केली. वळणावर थांबण्याच्या पाटीपाशी त्यांची गाडी जरा जास्तच वेळ थांबली. मला वाटलं, परत येतेय. आली नाही.

त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. मोबाइलवरचे मेसेज ते वाचत नाहीत. मिर्ताताईंकडून एवढं कळतं की तब्येत चांगली आहे, समुद्रावर फिरतात, आणि सकाळी गॅरेजचं दार लावून घेतात. आत काय चालतं ते त्यांनाही ऐकू येत नाही. परवा मी त्यांना टपालानं पत्र पाठवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, इथे मराठीत देतो.

प्रिय सर,

सा. न. वि. वि. याचं भाषांतर मला जमलं नाही, म्हणून तसंच लिहिलं. आमच्याकडे थोरांना लिहिताना असं लिहितात.

इकडे सगळं ठीक आहे. रविवारचा बँड किआना चालवते. ती फार कडक आहे. तुमची रचना पुन्हा वाजवायची ठरली आहे, आणि मधला भाग मुद्दाम कुणालाही दिलेला नाही. देशमुख काका बरे आहेत. तुमच्यासाठी त्यांना काही पाठवायचं आहे, पण काय पाठवावं हे ते अजून काकूंना विचारतात आणि काकू सांगत नाहीत. मला नोकरीत बढती मिळाली. आईनं परांड्यात पेढे वाटले, त्यातला एक तुमच्या नावानं.

तुम्ही गॅरेजमध्ये असता हे मला मिर्ताताईंनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, मी खोदून विचारलं.

तुमची सकाळ म्हणजे इथली पहाट. मी त्या वेळी उठलेला असतो. चहा ठेवतो, डबा भरतो. मिर्ताताईंना सांगितलंय, तुम्ही गॅरेजमध्ये जाताना त्यांचा फोन मागितलात तर त्या देतील. मला फोन लावा आणि कुठेतरी फळीवर ठेवून द्या. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी काही विचारणार नाही, चांगलं म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही. तुमचं चालू द्या. मी माझा डबा भरत असेन.

तुमचा,
बालाजी